फॅन बेल्ट दोरीने मोजू नका

जुन्या गाड्या सांभाळणारी चार माणसं एकत्र आली की फॅन बेल्टविषयी एक सल्ला हमखास ऐकायला मिळतो. ‘दोरी गुंडाळून माप घ्या, दुकानात दाखवा, मिळेल तो पट्टा आणा, बसवा आणि आवळा. ओरडला तर आणखी आवळा.’ गेल्या महिन्यात हाच सल्ला एका जाणत्या गृहस्थांनी एका तरुणाला दिला. आजोबांची १९८२ सालची प्रीमियर पद्मिनी त्या मुलाने नुकतीच पुन्हा रस्त्यावर आणली आहे. तो सगळं मोबाइलमध्ये टिपून घेत होता. मी मध्ये बोललो, तेव्हा ते म्हणाले, ‘अहो, रबराच्या एका तुकड्याचं एवढं काय पुराण!’ जेवणाची वेळ झाली होती, विषय तिथेच थांबला. पण त्या मुलाच्या मोबाइलमध्ये ते वाक्य अजून आहे, म्हणून हा लेख.

त्या गृहस्थांविषयी मला आदर आहे. कार्बोरेटर त्यांच्याइतका सफाईने जुळवणारा माणूस मी पाहिलेला नाही. पण या एका बाबतीत ते चुकतात आणि त्यांच्यासारखे शेकडो जाणते चुकतात. त्या चुकीची किंमत वॉटर पंप, डायनॅमो आणि कधीकधी अख्खं इंजिन मोजतं.

आधी या पट्ट्याचं काम बघू, कारण त्याचं नावच फसवं आहे. पद्मिनी असो वा ॲम्बेसिडर, इंजिनाच्या पुढच्या तोंडाला क्रँकची पुली, वर वॉटर पंपाची आणि बाजूला डायनॅमोची. तिन्हींवरून एकच पट्टा फिरतो. पंखा पंपाच्याच दांड्यावर बसलेला असतो. हमरस्त्यावर गाडी वेगात असली की समोरून येणारा वारा पंख्याचं काम बरंचसं उचलतो. पण पाणी फिरवणं आणि बॅटरी भरणं हे वाऱ्याला जमत नाही. पट्टा तुटला की मीटरमधला लाल दिवा लागतो, पाणी जागच्या जागी उकळायला लागतं, काटा चढतो. पद्मिनीच्या १०८९ सीसी इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं आहे. ‘पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत नेऊ’ म्हणून तशीच दामटलेली गाडी हेड वाकवून घरी येते, आणि मग गॅस्केट, फेसिंग, आठवडाभर गॅरेज.

आता मूळ चुकीकडे येतो. ‘आवळा’ म्हणणारा माणूस मनात दोरी बघत असतो. दोरी किंवा सपाट पट्टा ताणावरच चालतो, हे खरं. जुन्या पिठाच्या गिरण्यांत सपाट पट्टे होते. ते सैल पडले की कापून पुन्हा जोडायचे, घसरले की राळ लावायची. ती सवय आपल्या हातांत आणि भाषेत उरली. पण मोटारीचा फॅन बेल्ट सपाट नाही. त्याचा छेद वर रुंद, खाली अरुंद असतो. अमेरिकेत जॉन गेट्स यांनी १९१७ मध्ये रबराचा असा पट्टा बनवला आणि मोटारीतून दोरखंड आणि सपाट चामडं हद्दपार होत गेलं. हा पट्टा म्हणजे पाचर आहे. सुताराला विचारा, पाचर कशावर धरते? दोन बाजूंवर. तिचं टोक तळाला टेकलं की ती पाचर राहत नाही, नुसता लाकडाचा तुकडा होतो.

पुलीच्या खाचेच्या दोन भिंती साधारण ३४ ते ३८ अंशांचा कोन करतात. पट्टा खाचेत ओढला जातो तेव्हा त्याच्या दोन कडा या भिंतींवर दाबल्या जातात, आणि कोन इतका अरुंद असल्यामुळे तो दाब ओढीच्या सुमारे तिप्पट होतो. ३८ अंशांच्या खाचेत हिशेब ३.०७ पट येतो, ३६ अंशांच्या खाचेत ३.२४ पट. म्हणजे पकड तिप्पट मिळते ती आकारातून, फुकट. पट्टा तळाला टेकला की ही तिप्पट पकड गेली. उरतो एक वाईट सपाट पट्टा. मग तो घसरतो, ओरडतो, आणि आपण तो आवळतो. गमावलेली पकड ताणातून परत मिळवायची तर ताणही तितक्याच पटीत वाढवावा लागेल. तेवढा ताण पंपाच्या बेअरिंगने सोसायचा की डायनॅमोच्या बुशने?

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. माझी १९८४ ची पद्मिनी साताऱ्याला निघाली होती. निघण्याआधी एका गॅरेजमध्ये नवा पट्टा टाकून घेतला होता. पहिल्याच सकाळी तो किंचाळला, मिस्त्रींनी आवळला. दोन दिवसांनी पुन्हा किंचाळला, पुन्हा आवळला. तिसऱ्यांदा मी स्वतः आवळला, डायनॅमोला टॉमी लावून, अंगातलं सगळं बळ घालून. खंबाटकी घाट चढताना बॉनेटखालून खरखर सुरू झाली. थांबून बघितलं तर पंपाच्या खालच्या बारीक भोकातून पाणी ठिबकत होतं आणि पंखा हाताने धरला तर पुढेमागे डुलत होता. बेअरिंग गेलं होतं. आणखी दोन किलोमीटर गेलो असतो तर पाती रेडिएटरमध्ये घुसली असती.

घरी आणल्यावर पट्टा काढला आणि उन्हात नेऊन बघितला. त्याच्या दोन्ही कडा मळकट, कोऱ्याशा होत्या. तळ मात्र काचेसारखा चकचकीत. पुलीच्या खाचेत बोट फिरवलं तर भिंतींवर काळी भुकटी आणि अगदी तळाशी आरशासारखी एक बारीक रेघ. नव्वद सेकंदांत सगळा खटला निकाली निघाला. पट्टा खाचेपेक्षा अरुंद होता. तो कधी भिंतींवर चाललाच नव्हता, पहिल्या दिवसापासून तळावर घासत होता. मिस्त्री प्रामाणिक होता, मी प्रामाणिक होतो, दुकानदाराने दोरीच्या मापाचा पट्टा दिला होता. लांबी बरोबर होती.

लांबी बरोबर होती, हाच माझा मुद्दा आहे. पट्टा निवडताना पहिला प्रश्न लांबीचा नसतो, रुंदीचा आणि खोलीचा असतो. जुन्या चार सिलिंडरच्या गाड्यांत बहुधा १० किंवा १३ मिलिमीटर रुंदीचे पट्टे भेटतात. पट्टा खाचेपेक्षा एक मिलिमीटर जरी अरुंद असला, तरी ३८ अंशांच्या खाचेत तो सुमारे दीड मिलिमीटर खाली जातो. तेराच्या खाचेत दहाचा पट्टा टाकला तर सव्वाचार मिलिमीटरहून जास्त बुडतो. योग्य पट्टा बसवल्यावर त्याची पाठ पुलीच्या काठाशी समतल दिसते किंवा केसभर वर राहते. पाठ काठाच्या खाली गेलेली दिसली तर एक तर पट्टा अरुंद आहे, नाही तर पुली झिजली आहे. तिसरं कारण नाही.

आणि नुसती वरची रुंदी बघूनही फसगत होते. कारखान्यात वापरतात तो ‘ए’ छेदाचा पट्टा वरून १३ मिलिमीटर रुंद आणि ८ मिलिमीटर खोल असतो. ‘एसपीए’ छेदाचा पट्टा वरून जवळपास तेवढाच, १२.७, पण खोली १० मिलिमीटर. काउंटरवर दोन्ही शेजारी ठेवले तर जुळे भाऊ वाटतील. उथळ खाचेच्या पुलीत दुसरा टाकला की त्याचं पोट तळाला लागलंच.

दोरीचं माप लांबीपुरतं तरी खरं असतं का? तेही नाही. ‘ए-३६’ मधले ३६ इंच ही पट्ट्याची आतली लांबी. मोटारीच्या पट्ट्यावर ‘एव्ही १० × ९५०’ असं छापलेलं असतं, त्यातले ९५० मिलिमीटर ही बाहेरची लांबी. आठ मिलिमीटर खोल पट्ट्यात आतल्या आणि बाहेरच्या लांबीत ५० मिलिमीटरांचा फरक पडतो. ए-३६ आतून ९१४ मिलिमीटर आहे, बाहेरून ९६४. तिसऱ्या प्रकारच्या पट्ट्यांवर या दोन्हींच्या मधली, पट्ट्यातल्या दोऱ्यांच्या पातळीवरची लांबी छापतात. आता तुमची दोरी खाचेच्या तळातून गेली होती, मधून की काठावरून? दुकानदाराने ती कुठल्या आकड्याशी लावली? पाच सेंटिमीटरची चूक डायनॅमो आतबाहेर सरकवायच्या खाचेच्या पट्टीत सामावत नाही. मग कुणी तरी पट्टा स्क्रू ड्रायव्हरने पुलीवर चढवतो. त्या एका झटक्यात आतले ताण सोसणारे दोरे तुटतात. बाहेरून ओरखडाही दिसत नाही, आणि महिन्याभराने रात्री हायवेवर पट्टा तुटतो. दोष मात्र कंपनीच्या माथी.

माझ्या म्हणण्यावर सगळ्यात दमदार आक्षेप मुंबईच्या टॅक्सीचा आहे. ‘कुर्ल्यात बनलेल्या हजारो फियाट काळ्यापिवळ्या होऊन चाळीस-पन्नास वर्षं धावल्या. कोणत्या टॅक्सीवाल्याने खाचेचा कोन मोजला?’ हा आक्षेप मी हलका मानत नाही. पद्मिनी टॅक्सीची शेवटची नोंदणी ताडदेवच्या आरटीओत २००३ च्या ऑक्टोबरात झाली आणि वीस वर्षांची मुदत भरल्यावर २०२३ च्या ऑक्टोबर अखेरीस ती रस्त्यावरून गेली. एवढा काळ टिकली ती काही चुकून नाही.

पण टॅक्सीवाला कसा जगत होता तेही बघा. त्याची गाडी रोज धावायची. बॉनेट रोज उघडायचं. प्रत्येक नाक्यावर ओळखीचा मिस्त्री, डिकीत एक जुना पट्टा जादा. बेअरिंग कुरकुरलं की संध्याकाळी बदललं, कारण उद्याची कमाई त्यावर होती. आणि पट्टा बिघडला तरी शहरात तो पुढच्या सिग्नलपाशी थांबू शकत होता. त्याची खरी ताकद रोजच्या नजरेत होती. तुमची-माझी गाडी महिन्यातून दोनदा निघते. मध्ये पट्टा पुल्यांभोवती एकाच आकारात अडकून बसतो, त्याला बाक येतो, रबर कडक होतं. मग आपण तिला थेट खंडाळ्याच्या चढावर नेतो. टॅक्सीवाल्याचा निष्काळजीपणा उसना घ्यायचा आणि त्याची रोजची नजर सोडून द्यायची, हा सौदा तोट्याचा आहे. शिवाय किती टॅक्सींचे पंप आणि डायनॅमो दरवर्षी बदलले गेले, हे त्या जुन्या मिस्त्रींना विचारा. त्यांच्याकडे त्या दुरुस्तीचा रतीब होता.

दुसऱ्या टोकाला अस्सलपणाचे कैवारी आहेत. त्यांचं म्हणणं, गाडी जशी कारखान्यातून निघाली तसाच कापडात गुंडाळलेला, गुळगुळीत पोटाचा पट्टा हवा. आतून दातेरी पट्टा म्हणजे भ्रष्टाकार. गाडीच्या रंगाविषयी, बिल्ल्यांविषयी, सीटच्या कापडाविषयी मी त्यांच्या बाजूने आहे. इथे नाही. समजा क्रँकची पुली १२० मिलिमीटरची आहे आणि पट्टा ९०० मिलिमीटरचा. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असताना तो पट्टा मिनिटाला साडेबाराशे वेळा पूर्ण फिरतो आणि प्रत्येक फेरीत तीन पुल्यांवर वाकतो. तासाला सव्वादोन लाख वाकणी. डायनॅमोची पुली सगळ्यात लहान, तिथे वाकणं सगळ्यात तीव्र. दातेरी पट्टा तिथे सहज वाकतो, कमी तापतो. रुंदी आणि कोन तोच असेल तर पाचर तीच राहते. समोरून बघणाऱ्याला पट्ट्याची पाठ दिसते, दात दिसत नाहीत. मी दातेरीच घेतो, आणि ईपीडीएम रबराचा मिळाला तर तो आधी, कारण उष्णतेत तो जुन्या निओप्रीनसारखा लवकर तडकत नाही. फक्त एक ध्यानात ठेवायचं: तो तडे न दाखवता झिजतो, म्हणून त्याच्या पाठीची पातळी बघत राहावी लागते.

जुन्या पुस्तकातला पार्ट नंबर हेही अंतिम सत्य नाही. पुष्कळांनी डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवला आहे. अल्टरनेटरची पुली बहुधा लहान, तिची जागा वेगळी, म्हणजे लांबी बदलली. भारही बदलला. जुना २२ अँपियरचा डायनॅमो आणि ४५ अँपियरचा अल्टरनेटर यांत पट्ट्यावर पडणारी ओढ दुपटीने वाढते. अशा गाडीला ‘ओरिजिनल’ नंबरचा पट्टा मागणं म्हणजे मुलाच्या पायाला बापाच्या लहानपणची चप्पल.

मग निवडायचा कसा? जुना पट्टा काढा, पण माप घेण्याआधी पुल्या बघा. रॉकेलच्या चिंध्यांनी तिन्ही खाचा स्वच्छ पुसा. भिंती सरळ हव्यात. त्या आत वळून वाटीसारख्या झाल्या असतील, सरळ पट्टी लावल्यावर मध्ये पाऊण मिलिमीटरहून जास्त फट दिसत असेल, तर त्या पुलीवर कोणताही नवा पट्टा फुकट जाणार. पुली बदला किंवा चांगल्या टर्नरकडून खाच साफ करून घ्या. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात अशी कामं करणारे हात आहेत, आणि प्रत्येक मोठ्या गावात असतात. खाचेच्या तोंडाची रुंदी कॅलिपरने मोजा. तेवढ्या रुंदीचा पट्टा हे पहिलं माप. मग डायनॅमो इंजिनाकडून खाचेच्या पट्टीच्या एक तृतीयांशाएवढा बाहेर ठेवून पातळ फीत पुल्यांच्या काठावरून फिरवा. ही बाहेरची लांबी, आणि दुकानात ‘बाहेरची’ हा शब्द उच्चारूनच सांगा. पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत ऑपेरा हाउसला जुने दुकानदार आहेत, त्यांना हा फरक कळतो. सांगितला नाही तर तेही दोरीच बघतील. मोटारीसाठी बनलेला पट्टाच मागा. पंपसेटचा पट्टा रेडिएटरमागच्या गरम हवेसाठी आणि इतक्या लहान पुलीसाठी बनलेला नसतो.

बसवणं त्यामानाने सोपं आहे, घाई न केली तर. बॅटरीची वायर काढायची. डायनॅमो ज्या बोल्टांवर हलतो ते आणि खाचेच्या पट्टीवरचा बोल्ट, सगळे सैल करून डायनॅमो इंजिनाकडे पूर्ण ढकलायचा. पट्टा पंख्याच्या एकेका पात्यावरून ओवून घ्यायचा, मग क्रँक, मग पंप, शेवटी डायनॅमो. तो हातानेच चढला पाहिजे. चढत नसेल तर पट्टा चुकीचा आहे, तुमची ताकद कमी पडलेली नाही. नंतर क्रँकच्या पुलीच्या चेहऱ्याला दोरा लावून बाकीच्या पुल्या त्याच रेषेत आहेत का बघायचं. फूटभर अंतरात अडीच मिलिमीटरपेक्षा जास्त फरक चालत नाही. दोरीचा खरा उपयोग इथे आहे. डायनॅमो बाहेर ओढायला लाकडाचा दांडका घ्या आणि तो पुलीकडच्या टोकाला टेकवा, मधल्या पिंपाला नाही.

ताण किती? सगळ्यात लांब पल्ल्याच्या मध्यावर अंगठ्याने दाबलं तर पट्टा १२-१३ मिलिमीटर खाली जायला हवा. तुमच्या गाडीच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तो पाळा. योग्य पट्ट्याला एवढा ताण पुरतो, याचं कारण वर सांगितलेली पाचर. पंधरा मिनिटं इंजिन चालवून बंद करा, पुन्हा बघा. नवा पट्टा खाचेत बसताना थोडा सैल पडतोच. दोनेकशे किलोमीटरनंतर आणखी एकदा. त्यानंतर त्याला सुखाने राहू द्या.

फोक्सवॅगन बीटलचे मालक इथे हसतील, कारण त्यांच्या गाडीत डायनॅमो सरकतच नाही. त्याची पुली दोन अर्ध्या भागांची, मध्ये पातळ वॉशर. वॉशर काढला की खाच अरुंद होते आणि पट्टा वर चढून ताणला जातो. फोक्सवॅगनच्या अभियंत्यांनी ताणासाठी खाचेची रुंदीच वापरली. भिंतींचं महत्त्व याहून उघड करून दाखवणारी रचना मला माहीत नाही.

राहिला आवाज. पट्टा ओरडतो तेव्हा तो सैल असेलच असं नाही. चालत्या इंजिनावर, हात दूर ठेवून, पट्ट्याच्या आतल्या बाजूला पाण्याचा बारीक फवारा मारा. आवाज क्षणभर थांबून परत आला तर पुल्या रेषेत नाहीत. वाढला तर पट्टा घसरतो आहे, ताण बघा. क्रँकच्या पुढच्या सीलमधून पट्ट्यावर तेल उडत असेल तर आधी सील बदला. पंप किंवा डायनॅमो हाताने जड फिरत असेल तर बेअरिंग. साबण, राळ, फवाऱ्याच्या डब्यातलं चिकट औषध यांतलं काहीही लावू नका. चिकटपणाने धूळ जमते, रबर फुगतं, आणि ज्या कडांवर सगळी भिस्त आहे त्याच खराब होतात.

त्या तरुणाला माझी विनंती आहे. मोबाइलमधली ती ओळ पुसून टाक आणि या रविवारी पट्टा काढून उन्हात घेऊन जा. त्याच्या कडा चमकतात की तळ, एवढंच बघ. तळ चमकत असेल तर पान्हा खाली ठेव, पट्टा आवळू नकोस, बदल. आणि जे जाणते आहेत त्यांना हात जोडून सांगणं आहे, नव्या माणसाला ‘आवळ’ सांगण्याआधी त्याच्या पुलीत एकदा डोकावून बघा. माझ्या पद्मिनीत पुली साफ करून घेतल्यावर बसवलेला पट्टा सहा वर्षं चालला. त्याला एकदाच ताण द्यावा लागला, पहिल्या आठवड्यात.